बँडचा पहिला परदेश दौरा: बँकॉक ते क्वालालंपूर, माहिती हवी आहे

धायरीफाटा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. आम्ही चौघं गेली सहा वर्षं धायरीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात हार्डकोर पंक (रॉकचा अतिवेगवान, ओरडून गायचा प्रकार) वाजवतोय. बँडचं नाव देत नाही, कारण हा धागा जाहिरातीचा नाही, गरजेचा आहे. मी बास वाजवतो. गाणी मराठी, बहुतेक दीड मिनिटाच्या आत संपणारी. गाळ्याच्या भिंतींना जुन्या गाद्या आणि सतरंज्या ठोकल्यात. वरच्या मजल्यावर फॅब्रिकेशनचं काम चालतं, त्यामुळे आवाजाची तक्रार आजवर आली नाही. गुरुवारी विजेचा भरवसा नसतो, म्हणून बाकीचे दिवस कामावरून सुटलो की साडेआठ ते दहा.

पुण्याबाहेर आम्ही मुंबई, बंगळुरू आणि एकदा गोवा केलंय. आता पहिल्यांदा देशाबाहेरून बोलावणं आलंय. मलेशियात इपोह म्हणून गाव आहे, तिथला एक बँड. तीन वर्षांपूर्वी त्यांना आमची कॅसेट पाठवली, त्यांनी त्यांची पाठवली, मग पत्रं सुरू झाली, आणि आता ते म्हणतात, या. झोपायला जागा आमची, जेवण आमचं, ॲम्प्लिफायर आणि ड्रम आमचे. येण्याजाण्याचं तेवढं तुम्ही बघा. त्यांच्या ओळखीची मंडळी बँकॉकमध्ये आहेत, म्हणून बेत असा: मुंबईहून बँकॉक, तिथून रेल्वेने खाली मलेशिया, पेनांग, इपोह, क्वालालंपूर आणि परत. नऊ दिवस, चार गिग (कार्यक्रम).

आमच्यात कुणीही आजवर विमानाने देशाबाहेर गेलेलं नाही. गायकाचा पासपोर्ट परवा आला. मी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे, गायक औषधांच्या दुकानात, गिटारवाला शाळेत चित्रकला शिकवतो, ड्रमर आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. म्हणजे चूक परवडणार नाही. व्हिसा, वाद्यं विमानात कशी न्यायची, आवाज कसा टिकवायचा, यातलं ज्याला जे माहीत असेल ते कृपया लिहा.

शनिवारातला | मंगळवार, सकाळी ९:०५

अभिनंदन. पण एक प्रश्न विचारतो, रागावू नका. चौघांच्या खिशातले लाखभर रुपये घालून परदेशात पन्नास-साठ माणसांसमोर वाजवायचं, तेही वीस-पंचवीस मिनिटं. यातून हाती काय लागणार? आपल्याकडे दहा-दहा वर्षं तालीम करून मुलं साधी चीज मांडायला घाबरतात. हे संगीत मुळात आपलं नाही, आणि जिथलं आहे तिथेही ते तळघरात वाजतं. पैसे साठवून चांगलं रेकॉर्डिंग केलंत तर ते राहील तरी. आणि जाणारच असाल तर निदान तिकडे इंग्रजीत गा. मराठी कोणाला कळणार?

जुनी_कॅसेट | मंगळवार, सकाळी ११:३०

शनिवारातले, तुमचा प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहितो.

हार्डकोर १९८० च्या आसपास अमेरिकेत आकाराला आलं. कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग, वॉशिंग्टनमध्ये बॅड ब्रेन्स आणि मायनर थ्रेट. बॅड ब्रेन्सचे चौघे कृष्णवर्णीय, आधी जॅझ फ्यूजन वाजवणारे, म्हणजे तालीम कशाशी खातात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोठ्या कंपन्या यांच्या रेकॉर्ड काढणार नव्हत्या, तर मायनर थ्रेटमधल्या इयन मॅके आणि जेफ नेल्सन या पोरांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड नावाची स्वतःची कंपनीच काढली. बार आणि क्लब वयाच्या अटीमुळे लहान मुलांना आत घेत नसत, तर यांनी चर्चचे हॉल आणि शाळांची सभागृहं मिळवली. पुढे १९८७ मध्ये मॅकेने फुगाझी सुरू केला, आणि त्या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवण्याचा हट्ट वर्षानुवर्षं सोडला नाही. १९८२ पासून मॅक्झिमम रॉकन्‌रोल हे मासिक निघायचं, त्याचा छापील अंक २०१९ मध्ये थांबला. त्यात जगभरच्या गावांमधून आलेले वृत्तांत असायचे. त्या पत्त्यांवर बँड फिरले. पत्र टाकायचं, कुणीतरी अनोळखी माणूस म्हणायचा या, आणि त्याच्या घरात जमिनीवर झोपून दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. आज यांना इपोहहून जे बोलावणं आलंय ते याच वाटेने आलंय.

आता हे आपलं की परकं? साठच्या दशकात मराठीत लघुनियतकालिकं निघाली. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, राजा ढाले ही मंडळी काही कुठल्या प्रकाशकाच्या दारात उभी राहिली नाहीत. सायक्लोस्टाइल करायचं, खिशातले पैसे घालायचे, हातोहात वाटायचं. प्रती किती, तर मोजक्या. आज मराठी साहित्याचा इतिहास त्या मोजक्या प्रतींशिवाय लिहिता येत नाही. आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, पण नामदेव ढसाळांची भाषा कामाठीपुऱ्यातलीच होती. बाहेरचा साचा घेऊन त्यात आपला जाळ भरणं ही आपलीच रीत आहे. म्हणून मराठीतच गा. त्यात तडजोड नको.

धायरीफाटा | मंगळवार, रात्री १०:५०

शनिवारातले, रागावलो नाही. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर आमची कॅसेट आम्ही गाळ्यातच दोन माईक लावून केली, तीच इपोहला पोचली आणि तिथल्या लोकांनी ती ऐकली. आता ती माणसं एकदा समोर बघायची आहेत.

भाषेवर चौघांचंही एकमत आहे. आमचं एक गाणं पाण्याच्या टँकरवर आहे. सोसायटीच्या नळाला पाणी नाही, टँकरवाला रात्री दीडला येतो, आई बादल्या घेऊन जिना उतरते. हे मला इंग्रजीत ओरडता येणार नाही.

कागदपत्र | बुधवार, दुपारी १:१५

मी व्हिसा-परवान्यांच्या कामात वीस वर्षं आहे, तेव्हा नीट वाचा.

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली आहे. मुदती मधूनमधून बदलतात, निघण्याआधी त्या-त्या सरकारच्या संकेतस्थळावर तपासा. पण ही माफी फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे, वाजवायला जाणाऱ्यांसाठी नाही. मानधन घेत नाही, मित्रांसाठी वाजवतो, हे खिडकीवरच्या अधिकाऱ्याला सांगून चालत नाही. मलेशियात परदेशी कलाकारांच्या कार्यक्रमासाठी पुस्पाल नावाच्या सरकारी यंत्रणेची परवानगी लागते, अर्ज तिथल्या आयोजकाने करायचा असतो. शिवाय जागेचा स्थानिक परवाना वेगळा. थायलंडमध्येही कामाच्या परवानगीचं आयोजकानेच बघायचं. दोन्हीकडून कागद हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

हे मी घाबरवायला सांगत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये क्वालालंपूरजवळ रुमाह आपी नावाच्या पंक मंडळींच्या जागेवर छापा पडला आणि दीडशेहून जास्त लोकांना पकडून नेलं, त्यात बाहेरदेशातून आलेलेही होते. तुम्ही चार दिवसांनी परत याल, बोलावणारे तिथेच राहणार आहेत. कागद त्यांच्यासाठी नीट हवेत.

बाकी किरकोळ: मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, थायलंडनेही १ मे २०२५ पासून तसंच पत्र सुरू केलंय. दोन्ही फुकट आहेत, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खोटं. मुंबई विमानतळावर निघताना कस्टमकडून गिटार, बास आणि गिटारच्या इफेक्ट पेडलांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, अनुक्रमांकासकट. म्हणजे येताना या वस्तू तिकडून विकत आणल्या असं कुणी म्हणणार नाही. यासाठी तीन तास आधी नाही, पाच तास आधी पोचा. आणि कितीही ओळखीचा माणूस असो, कुणाची पिशवी आपल्या सामानात घेऊ नका. मलेशियात अमली पदार्थांच्या गुन्ह्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

टी-शर्टचा ढीग इथून नेऊ नका. साठ टी-शर्ट म्हणजे नऊ-दहा किलो, वर विक्रीचा माल म्हणून प्रश्न. डिझाइन पाठवा, तिथेच छापून घ्या.

तर्रीवाला | बुधवार, रात्री ९:२०

ड्रमर कोण आहे? आमच्या पथकात ताशाला होती तीच का? असेल तर तिच्या मनगटाची काळजी मला नाही. नदीपात्रात पावसात चार-चार तास सराव केलेली पोरगी आहे. तिची तर्री (ताशाचा जलद ठेका) सुरू झाली की ढोलवाल्यांना टिपरू आवरायला लागायचं.

सामानाचं सांगतो. ड्रम त्यांचे असले तरी स्नेअर (सेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा आणि पायाचं पेडल आपलंच न्या. कुणी मोठ्या मनाने ड्रमसेट देतो तेव्हा झांजा फोडून परत देणं बरं दिसत नाही. झांजांच्या मध्ये जुनी चादर घाला. गिटारच्या तारा सैल करून कडक पेटीत, मानेखाली टॉवेल. पेडलं आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही. काठ्या मात्र खाली टाका, वर अडवू शकतात.

आणि कानात बोळे. कापूस नव्हे, वाजवणाऱ्यांसाठी मिळतात ते. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. छोट्या बंद खोलीत तुमचा आवाज त्याच्या वरच असणार. पथकातल्या माझ्या वयाच्या निम्म्या लोकांच्या कानात रात्री शिट्टी वाजते, माझ्याही वाजते. ती थांबत नाही.

सुरपेटी | गुरुवार, सकाळी ७:१०

मी गाणं शिकवते. तुमचं संगीत मी ऐकलेलं नव्हतं, काल रात्री नातवाकडून दुव्यावर दोन-तीन बँड ऐकले. तुमच्या गायकाला निरोप द्या.

बाळा, नऊ दिवसांत चारदा ओरडायचं असेल तर ओरडणं गळ्याने करू नकोस. श्वास पोटापर्यंत गेला पाहिजे आणि जोर तिथून आला पाहिजे. खांदे उचलले गेले की समज, चुकलं. गाण्याआधी वीस मिनिटं ओठ मिटून नुसता हुंकार, खर्जाकडून वर. गाणं झाल्यावरही पाच मिनिटं तेच. दिवसभर थोडं थोडं पाणी पी. आणि आवाज बसला की लोक कुजबुजत बोलतात, ते मुळीच करू नकोस, त्याने ताण वाढतो. त्यापेक्षा गप्प राहा. कार्यक्रम झाल्यावर गोंगाटात गप्पा मारताना आवाज जातो, गाताना कमी जातो. दुखायला लागलं तर थांबायचं. दुखणं सोसण्यात कसलीही साधना नाही.

मला तुमच्या संगीतातलं सौंदर्य अजून सापडलेलं नाही, पण त्यातला जीव ऐकू आला.

धायरीफाटा | गुरुवार, रात्री ११:००

सुरपेटी, तुमचा प्रतिसाद मी गायकाला मोठ्याने वाचून दाखवला. आज त्याने गाळ्यात हुंकार भरले. वीज नव्हती, अंधारात बसून. तो म्हणाला, काकूंना विचार, रोज किती दिवस आधीपासून करू?

तर्रीवाले, हो, तीच.

सुरपेटी | शुक्रवार, सकाळी ७:००

आजपासून.

ड्रमरची_आई | शुक्रवार, दुपारी ३:४०

मी इथे पाककृती वाचायला येते, धागा नजरेस पडला. माझी मुलगी या बँडमध्ये ड्रम वाजवते. वाजवण्याला माझी कधी हरकत नव्हती, पथकातही मीच घातलं. पण नऊ दिवस परक्या देशात, अनोळखी घरांत, तीन मुलगे आणि ही एकटी. ती कुठे झोपणार, दार आतून लागतं का, रात्री कार्यक्रम संपल्यावर घरी कोण सोडणार, हे मला कुणी सांगितलेलं नाही. ती म्हणते, आई, सगळे चांगले आहेत. असतील. पण मला नीट कळायला हवं.

धायरीफाटा | शुक्रवार, रात्री १०:१५

काकू, चूक आमची आहे. हे तुम्हाला विचारावं लागलं हेच बरोबर नाही. रविवारी सकाळी आम्ही चौघं तुमच्याकडे येतो. इपोहच्या बँडमधली गिटार वाजवणारी मुलगी आईवडिलांसोबत राहते, तिन्ही मलेशियातल्या मुक्कामांत ती आपल्या ड्रमरबरोबर असेल. इपोहला तिच्याच घरी. तिची आई तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला तयार आहे, तिला इंग्रजी जेमतेम येतं, मुलगी सांगेल. बँकॉकला दोघी बायकांच्या घरी सोय आहे, त्यांचा पत्ता आणि फोन घेऊन येतो. रात्री एकट्याने कुणीच कुठे जायचं नाही, हे चौघांसाठी ठरलंय.

ड्रमरची_आई | रविवार, दुपारी १:००

आले होते चौघं. त्या बाईंशी बोलणं झालं. त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं, मी माझं दाखवलं. जाऊ दे पोरीला.

धायरीफाटा | पाच आठवड्यांनंतर, बुधवार

बँकॉकचे आणि मलेशियाचे कागद आले. इपोहच्या जागेचा स्थानिक परवाना तेवढा बाकी आहे. सोमवारी निघतोय. सगळ्यांचे आभार.

धायरीफाटा | सोमवार, पहाटे ४:२०, मुंबई विमानतळ

एक्स्पोर्ट सर्टिफिकेट झालं. पाच तास आधी आलो ते बरं केलं, दीड तास त्यातच गेला.

धायरीफाटा | बुधवार, सकाळी

रेल्वेतून लिहितोय, सविस्तर नंतर. बँकॉकला एका बारच्या माडीवर चाळीसेक लोक होते. तिसऱ्या गाण्यात स्नेअरचं कातडं फाटलं. आधी वाजवलेल्या बँडचा ड्रमर काही न बोलता आपला स्नेअर घेऊन आला, स्टँडवर ठेवला, उंची जुळवून दिली आणि मागे जाऊन उभा राहिला. चौथं गाणं अर्ध्या मिनिटात सुरू झालं. नंतर त्याला नव्या कातड्याचे पैसे द्यायला गेलो तर घेईना.

काल दुपारी निघालेली गाडी सकाळी पदांग बेसारला पोचली. एकाच स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के. घड्याळ एक तास पुढे केलं. खिडकीबाहेर रबराची झाडं, कोकणात बघतो तशीच, ओळीने.

तर्रीवाला | बुधवार, दुपारी

तिला सांग, जादा कातडं मी सांगितलं नाही ती माझी चूक.

धायरीफाटा | परत आल्यावर, शनिवार

कालपासून झोप झाली. आता नीट लिहितो.

पेनांगला बटरवर्थहून फेरीने गेलो. वीस मिनिटांचा प्रवास, बासची पेटी मांडीवर. जॉर्ज टाउनचं गिग छान झालं, गायकाचा आवाज शेवटपर्यंत टिकला. क्वालालंपूरला सव्वाशे लोक होते, आम्ही एवढ्या लोकांसमोर कधी वाजवलं नव्हतं. समोर रेटारेटी चाललेली, आणि कुणी पडलं की चार हात खाली जायचे आणि त्याला उभं करायचे. एक क्षणही कुणी जमिनीवर राहिलं नाही. याबद्दल खूप लिहिता येईल, पण मला इपोहचं लिहायचंय.

इपोहला आम्ही वाजवलं नाही. ज्या गावाने बोलावलं तिथेच परवाना आला नाही. दुपारी तीनला कळलं. इपोहचा गायक आमच्यासमोर बसून सारखा माफी मागत होता. त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, दार बंद करून वाजवा, कुणाला कळतंय. आमचा गिटारवालाही क्षणभर तयार झाला होता. मग ड्रमर म्हणाली, आपण मंगळवारी घरी असू, हे इथेच असतील. नको. मला कागदपत्र यांचा प्रतिसाद आठवला. तिने तो वाचलेला होता की तिचं तिला सुचलं, मी विचारलं नाही.

स्थानिक बँडांचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होता, त्यांच्यापुरती परवानगी होती. आम्ही तिकीट काढून आत गेलो. जुन्या दुमजली दुकानघराची वरची खोली, लाकडी जमीन, दोन पंखे, साठ-सत्तर माणसं. शेवटी इपोहचा बँड उभा राहिला. चार-पाच गाणी झाली. मग त्यांच्या गायकाने डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या पेनाने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. त्याने हात डोळ्यांसमोर धरला, ड्रमरने चार मोजले आणि सुरू झालं ते आमचं टँकरचं गाणं.

आमच्या गायकाने माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. तो पोरगा हातावरचं वाचत मराठीत ओरडत होता. आम्ही कॅसेटबरोबर शब्दांचा कागद दिला होता, रोमन लिपीत, अर्थासकट. तोच त्यांनी पाठ केला होता. कधी, माहीत नाही. आम्ही वाजवणार असतो तर हे गाणं त्यांनी वाजवलंच नसतं, म्हणजे हे दुपारी तीननंतर ठरलेलं. नळ हा शब्द त्याला येत नव्हता, तो "नल कोरडा, नल कोरडा" म्हणत होता. तेव्हा पुढच्या रांगेतला एक तमिळ मुलगा दोन गाण्यांच्या मध्ये ओरडला, ल नाही, ळ! तमिळमध्ये ळ आहे. त्याने जीभ वर वळवून दाखवली. गायकाने दोनदा करून बघितलं, आणि त्यांनी ते गाणं पुन्हा वाजवलं. या वेळी खोलीतले निम्मे लोक ळ म्हणत होते. गर्दी मलेशियातली, भाषा आमच्या जिन्यातली. ड्रमर रडत होती, मीही.

रात्री उशिरा एका कॉफीच्या दुकानात बसलो. तिथली पांढरी कॉफी प्रसिद्ध आहे, भाजताना मार्गारीन घालतात, चव आपल्या कॉफीपेक्षा निराळी. गायकाने विचारलं, तुमच्या आईला अजून बादल्या आणाव्या लागतात का? मी हो म्हणालो. त्यांच्याकडे नळाला पाणी आहे. तरी त्याने विचारलं.

हिशोब, कुणाच्या कामाला आला तर: विमान चौघांचं ९४,००० रुपये, रेल्वे, फेरी आणि बस १९,०००, विमा ५,०००. एकूण १,१८,०००. दारावरचा वाटा, तिकडे छापलेले टी-शर्ट आणि कॅसेटी मिळून ३१,००० आले. चौघांत प्रत्येकी २१,७५० खिशातून. राहण्या-जेवण्याचा खर्च शून्य, तो सगळा त्यांनी उचलला.

शनिवारातला | शनिवार, रात्री

ळ चं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. माझा पहिला प्रश्न मी मागे घेतो. पुण्यात पुढचं गिग कधी आहे? मी येईन. कानातले बोळे कुठे मिळतात तेही सांगा.

कागदपत्र | रविवार, सकाळी

इपोहला वाजवलं नाहीत ते योग्य केलंत. तुमच्या ड्रमरचं कौतुक सांगा.

धायरीफाटा | रविवार, संध्याकाळी

शनिवारातले, त्याच कामासाठी आलोय. इपोहचा बँड डिसेंबरात पुण्यात येतोय. चार जण. त्यांच्या व्हिसाचं आणि परवानग्यांचं कागदपत्र यांनी फुकट बघायचं कबूल केलंय, त्यासाठी शब्द नाहीत. जागा मिळाली आहे, ॲम्प आमचे, ड्रमसेट एका ओळखीच्या जॅमरूमचा. माझ्या घरी एका खोलीत आम्ही पाच जण आहोत, गायकाकडे एकाची सोय होईल. तीन माणसं पाच रात्री राहतील अशी जागा हवी, त्यातली एक मुलगी. सिंहगड रस्ता किंवा कोथरूडकडे असेल तर बरं. गाद्या, चादरी आम्ही आणून देऊ.

तर्रीवाला | रविवार, संध्याकाळी

स्नेअरची दोन नवी कातडी माझ्याकडून. एक बँकॉकच्या पोराला पाठवा.

ड्रमरची_आई | रविवार, रात्री ८:३०

तिघं आमच्याकडे. गाद्या आहेत घरात, आणू नका. ती गिटारवाली मुलगी माझ्या मुलीच्या खोलीत झोपेल, तिच्या आईला मी स्वतः फोन करते. तिखट चालतं का, आणि काय खात नाहीत ते विचारून सांग.

धायरीफाटा | रविवार, रात्री ९:१०

तिखट चालतं काकू. मांसाहार हलाल लागेल, शाकाहारी सगळं चालेल. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, अगदी थोडंही चालत नाही.

ड्रमरची_आई | रविवार, रात्री ९:२५

मग कूट आणि दाण्याचं तेल दोन्ही बंद. तेल तो यायच्या आधीच्या आठवड्यात बदलते, कढयाही वेगळ्या काढते. सकाळी थालीपीठ करीन, लोणी घरचं आहे. विमान किती वाजता उतरतं?